आपत्तीनंतरचे विद्यापीठ : क्राइस्टचर्चचा अनुभव आणि भाषेचा प्रश्न

आपत्ती कोसळल्यानंतर विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्यांना व सेवकवर्गाला साहाय्य करावे, हे तत्त्व म्हणून कोणी अमान्य करणार नाही. प्रश्न उपस्थित होतो तो साहाय्याच्या स्वरूपाविषयी. अन्न, वस्त्र, निवारा व औषधे पुरविणाऱ्या संस्था निराळ्या असतात, आणि ते काम त्या विद्यापीठापेक्षा अधिक चांगले करतात. मग विद्यापीठाने, विद्यापीठ या नात्याने, असे काय द्यावे की जे दुसरे कोणी देऊ शकत नाही? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथील कँटरबरी विद्यापीठाच्या अनुभवाच्या आधारे केला आहे. हेच उदाहरण घेण्याचे कारण असे की, तेथे विद्यापीठ स्वतःच आपद्ग्रस्त होते; शिवाय तेथील भाषाभ्यासकांनी या कार्यात उचललेला वाटा आपल्या विषयाच्या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे.

क्राइस्टचर्चला पहिला मोठा धक्का ४ सप्टेंबर २०१० रोजी पहाटे बसला. त्याची तीव्रता ७.१ होती, परंतु इमारती रिकाम्या असल्यामुळे प्राणहानी टळली. विद्यापीठाच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांचे ढीग जमिनीवर आले. ते पुन्हा जागेवर लावून होतात न होतात तोच २२ फेब्रुवारी २०११ रोजी दुपारी पावणेएकच्या सुमारास दुसरा भूकंप झाला. तो तीव्रतेने कमी, पण शहराच्या अगदी निकट व भूपृष्ठाजवळ होता. त्यात १८५ माणसे मृत्युमुखी पडली. शैक्षणिक वर्ष त्या वेळी नुकतेच सुरू झाले होते.

इमारतींची तपासणी पूर्ण होईपर्यंत त्यांत पाऊल टाकणे शक्य नव्हते. तेव्हा मार्च महिन्यात वाहने उभी करण्याच्या जागांवर मोठमोठे तंबू उभारण्यात आले आणि व्याख्याने त्यांत सुरू झाली. पुढे तात्पुरत्या खोल्यांची एक वसाहतच विद्यापीठाच्या परिसरात उभी राहिली. ज्यांना तेथे राहणे शक्य नव्हते अशा विद्यार्थ्यांसाठी इतर विद्यापीठांनी आपली दारे उघडली. ऑक्सफर्डने ४२ विद्यार्थ्यांना एका सत्रापुरते, शिक्षणशुल्क न घेता, सामावून घेण्याची तयारी दर्शविली. ऑस्ट्रेलियातील अॅडलेड विद्यापीठानेही अनेकांना जागा दिली.

तंबूत व्याख्यान देण्यात काव्य आहे असे दुरून वाटते. प्रत्यक्षात त्यात थंडी आहे, वाऱ्याचा आवाज आहे, आणि मधूनमधून येणारे लहान धक्के आहेत. तरीही या तंबूंना महत्त्व आहे, कारण त्यांमुळे विद्यार्थ्याच्या दिवसाला पुन्हा आकार आला. घर पडले, रस्ते बंद झाले, पाणी उकळून प्यावे लागले. पण मंगळवारी अमुक वाजता अमुक विषयाचा तास आहे, ही एक गोष्ट ठरलेली राहिली. वेळापत्रक देणे हे कोणत्याही मदतपथकाला जमणारे नव्हते. दुसऱ्या बाजूने पाहता, हेच वेळापत्रक ज्याला पाळता येत नाही त्याच्यावर ते अन्याय करते. ज्याचे घर शाबूत आहे तो तंबूत येऊन बसतो व पुढे जातो. ज्याच्या घरात चिखल आहे तो मागे पडतो. म्हणून काम चालू ठेवणे, आणि ज्याला ते चालू ठेवता येत नाही त्याचे नुकसान होऊ न देणे, अशी दोन कर्तव्ये विद्यापीठाच्या माथी एकाच वेळी येतात; आणि ती एकमेकांच्या आड येतात. परीक्षा, शुल्क व उपस्थिती यांविषयीचे सारे वाद या विरोधातून उद्भवतात. माझ्या मते या वादांत पहिल्या कर्तव्याची सरशी फार सहज होते, कारण ते दिसणारे असते. न आलेला विद्यार्थी तंबूतून दिसत नाही.

चिखलाचा उल्लेख वर केला आहे, तो शब्दशः घ्यावयाचा आहे. क्राइस्टचर्चची जमीन ओल्या, वाळूमिश्रित गाळाची. हादऱ्यांनी ती पातळ होऊन घराघरांच्या अंगणात व खोल्यांत गाळ वर आला. तो उपसण्यासाठी सॅम जॉन्सन या कँटरबरीच्या विद्यार्थ्याने २०१० सालीच स्वयंसेवकांची जमवाजमव केली होती; ‘स्टुडंट व्हॉलंटिअर आर्मी’ या नावाने ती प्रसिद्ध झाली, आणि फेब्रुवारीनंतर हजारो विद्यार्थी फावडी घेऊन उतरले. विद्यापीठाने केलेली गोष्ट यापेक्षा लहान, पण अधिक विद्यापीठीय होती. त्याच वर्षी ‘क्राइस्टचर्चची पुनर्बांधणी’ या विषयाचा एक पाठ्यक्रम सुरू करण्यात आला. त्यात समाजसेवेच्या अनुभवावर वाचन, चर्चा व लेखन यांची जोड होती आणि त्याला पदवीसाठी श्रेयांक मिळत. फावड्याला गुण देणे योग्य की अयोग्य, असा आक्षेप यावर घेता येईल. गुण फावड्याला नव्हते, त्यावरील चिंतनाला होते, हे त्याचे उत्तर. ते मला पुरेसे वाटते.

सेवकवर्गाची कथा इतकी उजळ नाही. विद्यार्थिसंख्या घटली, म्हणजे उत्पन्न घटले. नाट्य व चित्रपट आणि अमेरिकन अभ्यास यांसारखे लहान विभाग पुढील काळात बंद झाले. शासनाने २०१३ मध्ये २६ कोटी न्यूझीलंड डॉलरपर्यंतचे साहाय्य घोषित केले, परंतु त्याचा रोख मुख्यतः विज्ञान व अभियांत्रिकीच्या इमारतींकडे होता. ज्याचे घर विम्याच्या वादात अडकले आहे अशा अध्यापकाला त्याच सुमारास आपल्या विभागाच्या अस्तित्वाची काळजी करावी लागावी, ही आपत्तीची दुसरी लाट होय. ती संथपणे येते आणि तिची छायाचित्रे निघत नाहीत.

आता भाषेकडे वळू. फेब्रुवारीच्या भूकंपात सर्वांत अधिक बळी सीटीव्ही या एकाच इमारतीत गेले. तेथील ११५ मृतांमध्ये इंग्रजी शिकण्यासाठी परदेशांतून आलेले विद्यार्थी फार मोठ्या संख्येने होते. भाषेमुळे त्यांचा मृत्यू झाला असे नव्हे. इमारतच सदोष होती. तथापि ज्या शहरात इतकी माणसे अर्धवट जाणलेल्या भाषेत जगतात, तेथे सूचना कोणत्या शब्दांत द्यावी हा प्रश्न केवळ शैलीचा राहत नाही. जपानमध्ये हा प्रश्न १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपानंतर ऐरणीवर आला. त्यातून हिरोसाकी विद्यापीठातील साटो काझुयुकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सोपी जपानी’ सिद्ध केली. सुमारे २,००० शब्दांची मर्यादा, लहान वाक्ये, आणि चिनी मूळच्या भारदस्त शब्दांऐवजी रोजचे क्रियापद, असे तिचे स्थूल स्वरूप आहे. ‘हिनान’, म्हणजे स्थलांतर करून आश्रय घेणे, या शब्दाऐवजी ‘निगेरु’, म्हणजे पळणे, हा शब्द वापरावा, हे तिचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. एका विद्यापीठातील भाषाभ्यासकांनी आपल्या विषयातून दिलेले हे साहाय्य देशभर उपयोगी पडले.

मराठीतील आपल्या सूचनांना ही कसोटी लावून पाहावी. ‘आपद्ग्रस्त विद्यार्थ्यांच्या अर्जांचा यथावकाश विचार करण्यात येऊन योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण त्यात विचार कोण करणार, कार्यवाही कोणती व केव्हा, यांपैकी काहीच नाही. ‘-ण्यात येणे’ ही आपल्या राजव्यवहाराची आवडती कर्मणी रचना कर्त्याला वाक्यातून अलगद बाहेर काढते; आणि संकटात सापडलेल्या माणसाला नेमका कर्ताच हवा असतो. ‘ज्यांची पुस्तके किंवा प्रमाणपत्रे पुरात गेली, त्यांनी परीक्षा विभागाच्या तिसऱ्या खिडकीवर शुक्रवारपर्यंत यावे, सोबत कोणताही कागद आणण्याची गरज नाही’ हे वाक्य काही साहित्यगुणांचे नव्हे, परंतु ते साहाय्य करते. ‘स्थगित’ आणि ‘रद्द’ यांतील भेद अधिकाऱ्याला स्पष्ट असतो. पाणी ओसरण्याची वाट पाहत छपरावर बसलेल्या विद्यार्थ्याला ‘परीक्षा पुढे होणार आहे’ असे सांगणेच इष्ट. जाता जाता, ‘ग्रस्त’ या शब्दाचाही विचार व्हावा. ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे. पूरग्रस्त म्हणजे पुराने गिळलेला. विद्यार्थी तीन वर्षे गुणपत्रिकेवर हा शिक्का बाळगत असेल, तर पुराने त्याला अजून सोडलेले नाही असेच म्हणावे लागेल.

कँटरबरीच्या भाषाभ्यासकांनी मात्र सूचना देण्याऐवजी ऐकण्याचे काम हाती घेतले. जेनिफर हे यांच्या नेतृत्वाखालील भाषासंशोधन संस्थेने मालवाहतुकीचा एक पोलादी डबा घेतला, त्यात ध्वनिरोधक कक्ष बसविला आणि २०१२ मध्ये तो शहरात ठिकठिकाणी नेऊन ठेवला. ‘क्वेकबॉक्स’ हे त्याचे नाव. कोणीही आत यावे आणि आपली भूकंपाची हकीकत आपल्या शब्दांत सांगावी. सातशेहून अधिक माणसांनी ती सांगितली. त्या मुद्रणांचा उपयोग उच्चार, स्वर व कथनरचना यांच्या अभ्यासाला झाला आणि होत आहे.

येथे एक गंभीर शंका संभवते. शोकाकुल माणसाच्या तोंडचे स्वर मोजणे हे साहाय्य आहे काय? आपत्तीनंतर प्रश्नावल्या घेऊन दारोदार फिरणाऱ्या संशोधकांनी ग्रामस्थांना बेजार केल्याच्या तक्रारी सर्वत्र ऐकू येतात, आणि त्या खोट्या नसतात. क्वेकबॉक्सचा बचाव त्याच्या हेतूत नाही, त्याच्या रचनेत आहे. संशोधक दारी गेला नाही. सांगणारा स्वतः चालत आला. प्रश्नावली नव्हती. मुद्रण लोकांसाठी खुले करावयाचे की केवळ अभ्यासकांपुरते ठेवावयाचे, याचा निर्णय सांगणाऱ्याकडे होता. शिवाय त्या हकीकती विद्यापीठाच्याच सार्वजनिक भूकंपसंग्रहात गेल्या. म्हणजे नगरवासीयांनी जे दिले ते त्यांना परत पाहता व ऐकता येते.

हा विचार आपल्याकडे आणताना ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवल्यावाचून राहत नाही. लातूर जिल्हा तेव्हा औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत होता; पुढच्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि तो त्याकडे गेला. त्या पहाटेची आठवण ज्यांना प्रौढपणीची आहे ती पिढी आता वृद्ध होत आहे. गावे नव्या जागी वसली, घरांचे साहित्य बदलले, आणि दगड-मातीच्या जुन्या वाड्याच्या भागांची नावे तेवढी त्या वृद्धांच्या बोलीत उरली आहेत. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने तेथे ध्वनिमुद्रक घेऊन जाण्याचे ठरविले, तर त्याने आधी संमतिपत्र लिहावे, आणि ते ‘-ण्यात येईल’ या रचनेत लिहू नये.