पणजीचं नाव शोधताना : नगरपालिकेच्या जुन्या नोंदवह्या कशा वाचाव्यात?



परिसर अभ्यासात कुटुंबाचा विषय निघाला की आपण मुलांना वंशवृक्ष काढून आणायला सांगतो. मुलंही हौसेने रंगीत झाडं काढून आणतात. ती झाडं एकदा नीट बघा. बाबा, आजोबा, पणजोबा, एखाद्या घरात तर खापरपणजोबांचंही नाव असतं. बायकांच्या बाजूला मात्र आजीपर्यंत नावं मिळतात आणि पुढे नुसतं 'पणजी' असं लिहिलेलं असतं. घरी विचारलं तर उत्तर येतं, "तिला सगळे काकीच म्हणायचे."

या काकीचं नाव कुठे तरी कागदावर असण्याची शक्यता असते. ती शहरात किंवा तालुक्याच्या गावी जन्मली, शिकली किंवा वारली असेल तर तिथल्या नगरपालिकेच्या नोंदवह्यांत तिचा माग लागू शकतो. अनेक ठिकाणी या नोंदवह्यांची पानं आता स्कॅन झाली आहेत. २०२३ साली राज्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जन्म-मृत्यूची रजिस्टरं, गावचे कोतवाल बुक, शाळांची जनरल रजिस्टरं असं बरंच काही कपाटातून बाहेर निघालं आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर तालुका-गावानुसार ठेवलं गेलं. महसूल आणि भूमी अभिलेख खात्याचे जुने कागद 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर बघता येतात. म्हणजे साहित्य आहे. अडचण येते ती ते वाचताना, म्हणून हा लेख.

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करू. स्कॅन झालं म्हणजे नाव टाकून शोधता येतं असं नाही. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. बहुतेक ठिकाणी यादी फक्त वर्ष आणि वहीपुरती असते. त्यामुळे नाव टाकलं आणि काही आलं नाही, म्हणजे नोंद नाही असं समजून सोडून देऊ नका. अंदाजे वर्ष ठरवायचं, त्याच्या मागची-पुढची दोन-तीन वर्षं धरायची आणि एकेक पान उलटायचं. वेळ लागतो, पण दुसरा सोपा रस्ता नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. जन्माची नोंद होते ती जन्म जिथे झाला त्या ठिकाणी, कुटुंब जिथलं त्या ठिकाणी नाही. आता आपल्याकडची रीत आठवा. पहिलं बाळंतपण माहेरी! म्हणजे तुमचे आजोबा थोरले असतील तर त्यांची जन्मनोंद तुमच्या आडनावाच्या गावात शोधून उपयोग नाही, ती त्यांच्या आजोळी असणार. 'आमच्या गावाच्या रेकॉर्डमध्ये काहीच नाही' म्हणणाऱ्या बऱ्याच घरांचं घोडं इथेच अडतं. तेव्हा घरातल्या सर्वांत वयस्कर बाईंना पहिला प्रश्न नावाचा विचारू नका. "तुमच्या सासूबाईंचं माहेर कुठलं?" असं विचारा. नावं विसरली जातात, माहेरचं गाव सहसा विसरलं जात नाही.

समजा, माहेरचं गाव कळलं. तुमची पणजी १९२५ च्या आसपास तिथे जन्मली, सासरचं नाव सरस्वती. तुम्ही जन्माची वही उघडली तर 'सरस्वती' सापडणार नाही. एक तर लग्नात नाव बदललेलं असेल. आणि माहेरचं नाव माहीत असलं तरी तेही बहुधा तिथे नसतं, कारण नोंद व्हायची जन्मानंतर लगेच आणि बारसं व्हायचं नंतर. वहीत 'मुलगी' एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून शोधायचं ते तिच्या वडिलांच्या नावाने. त्या वडिलांना त्या सुमारास झालेल्या मुली, पत्ता म्हणजे पेठ किंवा आळी, आणि खबर देणाऱ्याचं नाव, एवढं जुळलं तर बऱ्यापैकी खात्री धरता येते. आजही कायद्यात बाळाचं नाव नंतर घालायची सोय आहे. १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून ते घालता येतं. पालकहो, आपल्या मुलांचे दाखले एकदा काढून बघा, नाव खरंच चढलं आहे का ते.

वडिलांच्या नावाचीही गंमत आहे. जुन्या वह्यांत आडनाव असेलच असं नाही. 'रामा बिन गोविंदा' म्हणजे गोविंदाचा मुलगा रामा. 'वलद' असेल तरी अर्थ तोच. बायकांच्या नावापुढे 'कोम' किंवा 'भ्रतार' आलं की पुढचं नाव नवऱ्याचं. हे चार शब्द पाठ करून ठेवा, अर्धी वही उलगडते. शिवाय घरात ज्यांना आपण विठ्ठलराव म्हणतो ते वहीत विठू किंवा विठोबा असतात, कृष्णाजी हे किसन असतात, लक्ष्मण लखमा असतो. कारकुनाने कानावर पडलं ते लिहिलं.

लिपी आणि सन यांचाही अडथळा येतो. जुनी पानं मोडीत असू शकतात. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, आपल्यापैकी ज्यांना सुट्टीत वेळ आहे त्यांनी जरूर करावेत. शक सन दिसला तर त्यात ७८ मिळवा (जानेवारी ते मार्चच्या तारखांना ७९). मराठवाड्यातल्या घरांना निजामकाळातली कागदपत्रं उर्दूत आणि फसली सनात मिळतील. तिथे ५९० किंवा ५९१ मिळवायचे. फसली १३४० म्हणजे १९३०-३१.

जन्मनोंद नाहीच सापडली तर? मग शाळेकडे वळा. पूर्वी शहरांतल्या पुष्कळ प्राथमिक शाळा नगरपालिकांच्याच होत्या आणि त्यांची जनरल रजिस्टरं त्याच रेकॉर्डचा भाग आहेत. मुलगी शाळेत दोन वर्षं जरी गेली असली तरी जनरल रजिस्टरला तिचं स्वतःचं, माहेरचं, पूर्ण नाव येतं. माझ्या मते पणज्यांच्या शोधात सगळ्यांत दुर्लक्षित राहिलेली वही हीच, आणि ती आपल्या शिक्षकांच्याच कपाटात आहे! फक्त तिच्यातल्या जन्मतारखेवर फार विसंबू नका. १ जून ही तारीख किती जणांची आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. पालकांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी वय अंदाजाने धरून जूनची पहिली तारीख टाकायचे, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. म्हणून नगरपालिकेची वही आणि शाळेचं रजिस्टर यांत तारखा वेगळ्या आल्या तर घाबरू नका. जन्माची वही त्या दिवसांतच लिहिली गेली, शाळेची पाच-सहा वर्षांनी. कुटुंबाचा इतिहास लिहिताना पहिलीला जास्त वजन द्यावं. (सरकारी कामात कुठली तारीख चालते हा वेगळा विषय आहे, तो इथे नको.)

घरपट्टीच्या कर आकारणी नोंदवहीकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. नगरपालिका ठरावीक वर्षांनी नव्याने आकारणी करते, म्हणून 'चतुर्थ वार्षिक आकारणी' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. तिच्यात घर क्रमांक, मालक, भोगवटादार आणि घराचं वर्णन असतं, म्हणजे कौलारू की पत्र्याचं, माळवदाचं की विटांचं. भोगवटादाराचा रकाना मोलाचा, कारण भाड्याने राहणारी साधी माणसं तिथेच सापडतात. एका आकारणीत पणजोबांचं नाव आणि पुढच्या आकारणीत पणजीचं असेल, तर ते त्या दोन सालांच्या मधे वारले असण्याची शक्यता मोठी. मग मृत्यूच्या वहीत चाळायची वर्षं कमी होतात.

मृत्यूची वही वाचताना मन घट्ट करावं लागतं. जुन्या नोंदींत मृत्यूची कारणं मोजकीच दिसतात : ताप, पटकी, देवी, प्लेग, हगवण, श्वासाचे विकार, अपघात. १९१८ चा ऑक्टोबर उघडला तर पानामागून पान 'ताप' दिसेल. ती इन्फ्लुएंझाची साथ. मुंबई इलाख्यात तिने सुमारे दहा लाख माणसं नेली. कारकुनाकडे त्या आजाराला वेगळा रकाना नव्हता म्हणून 'ताप'. तुमच्या घरातली दोन-तीन माणसं त्याच पंधरवड्यात दिसली तर कारण समजून घ्या. १८९६ पासूनच्या प्लेगच्या वर्षांत लोक गाव सोडून बाहेर झोपड्यांत राहायला जात, त्यामुळे तेव्हाची नोंद शेजारच्या गावात मिळू शकते किंवा राहूनही गेलेली असते.

पान सापडलं की त्याचा फोटो, वर्ष, पान क्रमांक आणि नोंद क्रमांक लिहून ठेवा. पुढे अधिकृत उतारा हवा असेल तर कार्यालयात हाच क्रमांक विचारतात. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ (महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू) याच्या कलम १७ नुसार फी भरून शोध घेता येतो आणि उतारा मिळतो. मात्र मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचं कारण देत नाहीत, कायद्यानेच मनाई आहे. नोंद नाहीच मिळाली तर अनुपलब्धता दाखला मागून घ्या.

आता वर्गाबद्दल. हा उपक्रम घरच्या कागदांवर सक्तीने देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या वह्यांत जातीचा रकाना असतो आणि आज वाचवणार नाहीत असे शब्द असतात. काही मुलांचे आई-वडील वेगळे राहतात, काही दत्तक आहेत, काहींची कुटुंबं ऊसतोडीला फिरतात आणि त्यांच्या पिढ्यांची नोंद कुठल्याच वहीत नाही. अशा मुलाला कोरं झाड घेऊन वर्गात उभं राहावं लागू नये. स्कॅन केलेली पानं शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात टाकू नका, त्यांत दुसऱ्यांच्याही घरच्या गोष्टी असतात.

त्याऐवजी शंभर वर्षांपूर्वीचं एकच पान घ्या, नावं आणि जातीचा रकाना झाका, झेरॉक्स काढा आणि गटांत वाटा. या महिन्यात किती जन्म झाले? मुली किती? खबर द्यायला कोण आलं होतं? वडिलांचा धंदा काय? आईचं नाव कितव्या रकान्यात आहे? शेवटच्या प्रश्नाला मुलांना जरा जास्त वेळ द्या. बऱ्याच पानांवर त्यांना तो रकाना सापडणार नाही.