पात्याचा कोन नंतर सुचला तर?

समजा, छताच्या पंख्याचा आराखडा संगणकावर काढायचाय. मोटर, दांडा, तीन पाती, शिवाय स्क्रू. कोष्टकांच्या डेटाबेसमध्ये हा पंखा ठेवायचा म्हणजे आधी तो सुटा करायचा: पाती एका तक्त्यात, स्क्रू दुसऱ्यात, कुठला स्क्रू कुठल्या पात्याचा याची नोंद तिसऱ्यात. सकाळी आराखडा उघडला की परत जुळणी. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेली ही रीत बँकेच्या खात्यांना उत्तम मानवते. डिझायनरचं तसं नाही. सकाळी ठरवलेलं त्याला दुपारी पटत नाही.

म्हणून १९८०च्या दशकात ऑब्जेक्ट-ओरिएंटेड डेटाबेस आले. पंखा ही अख्खी एक वस्तू, पाती तिच्या पोटात. जुळणीचा त्रास संपला, पण खरी अडचण पुढेच होती. कच्च्या नमुन्यावर काम चालू असताना साचाच बदलतो. काल पात्याला लांबी-रुंदी पुरेशी होती. आज कुणीतरी म्हणतं, कोनही हवा. आणि तोवर डिस्कवर हजारो पाती कोनाशिवाय पडलेली.

टेक्सासात ऑस्टिनच्या एमसीसी या संशोधन संस्थेत वॉन किम यांच्या गटाने 'ओरायन' नावाचा डेटाबेस लिहिला होता, लिस्प भाषेत. त्यांनी १९८७ साली यावर जो तोडगा मांडला तो चक्क चालढकलीचा आहे. जुन्या पात्यांना हातच लावायचा नाही. साच्यात नवा रकाना लिहायचा, ठरलेली किंमत समजा १२ अंश. एखादं पातं वाचायला काढलं की त्याच क्षणी त्याला कोन चिकटवून द्यायचा. रकाना काढून टाकला तर? मजकूर डिस्कवर तसाच, फक्त वाचताना झाकलेला. 'जेमस्टोन' या डेटाबेसचा खाक्या उलटा: साचा बदलला की सगळ्या वस्तू लगेच नव्याने लिहायच्या. त्यात वाचन सुटसुटीत राहतं, हे खरं. ओरायनमध्ये दर वाचनाला थोडा भुर्दंड पडतो. तरी कच्च्या नमुन्यासाठी मला ओरायनचंच पटतं. आज घातलेला कोन उद्या काढला जाण्याचीच शक्यता जास्त.

हे डेटाबेस बाजारात मागे पडले, कोष्टकंच टिकली. मात्र २०१८ च्या पोस्टग्रेस-एसक्यूएल ११ या कोष्टकांच्याच डेटाबेसमध्ये ठरलेल्या किमतीचा नवा रकाना जोडला, तर आता अख्खा तक्ता पुन्हा लिहावा लागत नाही. किंमत एकदाच बाजूला नोंदवली जाते, आणि जुनी ओळ वाचताना तिला जोडली जाते.