बोल्ट झाकायचे कशाला?

व्हिएन्नाच्या गेऑर्ग कॉख चौकात पोस्टल सेव्हिंग्ज बँकेची जुनी इमारत आहे. तिच्याकडे पाहिलं की आधी डोळ्यांत भरतात ते ठिपके. जोत्यापासून छपरापर्यंत ओळीने मांडलेले, हजारो. जवळ गेल्यावर लक्षात येतं, ही बोल्टांची डोकी आहेत. भिंतीवर संगमरवराच्या पातळ लाद्या, लाद्यांमधून आत गेलेले बोल्ट आणि बोल्टांवर चढवलेल्या ॲल्युमिनियमच्या टोप्या. ऊन पडलं की अख्खी भिंत चमचमते. नक्षी म्हणून या भिंतीवर मुख्यतः एवढंच आहे.

इमारतीचा मुख्य भाग १९०६ साली पुरा झाला. त्या काळात बँक बांधायची म्हणजे किल्ला बांधायचा, अशीच रीत होती. जाड दगडी चिरे पाहून ठेवीदाराला वाटलं पाहिजे, इथे माझा पैसा सुखरूप आहे. ओटो वाग्नर या वास्तुविशारदाचा हिशेब निराळा होता. चिरे खाणीतून काढा, घडवा, वर चढवा, यात वर्षं जातात. त्याऐवजी विटांची भिंत बांधून वर पातळ लादी लावली तर दगड कमी लागतो, म्हणून तो चांगल्यातला घेता येतो, आणि काम लवकर उरकतं. एकदा लादी लावलीच आहे तर ती लावली आहे हे दिसू द्यावं. चिरेबंदी असल्याचं सोंग कशाला?

यात एक मजेदार गोम आहे. लाद्यांच्या मागे बांधकामाचा माल भरलेला आहे. तो घट्ट होईपर्यंत लादी धरून ठेवायची, एवढंच बोल्टांचं खरं काम. नंतर ते काढले असते तरी लाद्या राहिल्या असत्या. म्हणजे ज्या इमारतीला सचोटीचा नमुना म्हणून जगभरच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवतात, तिच्या सचोटीत थोडं नाटकही आहे. मला वाग्नर आवडतो तो या नाटकासकट. इमारत कशी बांधली हे सांगायचं, पण रंगवून सांगायचं, ही त्याची हातोटी होती.

हे सगळं एखाद्या तरुण बंडखोराने केलं असतं तर नवल नव्हतं. बँकेची स्पर्धा वाग्नरने १९०३ साली जिंकली तेव्हा त्याची साठी उलटली होती.

त्याचा जन्म १८४१चा, व्हिएन्नाजवळच्या पेनझिंगचा. तो शाळकरी वयात होता तेव्हा, १८५७ साली, सम्राट फ्रान्झ योझेफने शहराचा जुना तट पाडायचा हुकूम काढला. तटाच्या जागी रिंगस्ट्रासे हा रुंद रस्ता आला आणि त्याच्या कडेने एकेक प्रचंड इमारत उभी राहू लागली. संसद ग्रीक देवळासारखी, नगरपालिका मध्ययुगीन गॉथिक, विद्यापीठ इटालियन प्रबोधनकाळातलं. प्रत्येक इमारतीला इतिहासाच्या कपाटातून एक पोशाख काढून दिलेला. राजधानी नवी होत होती, पण नव्या काळाला स्वतःचं रूप असावं असं फारसं कुणाच्या मनात येत नव्हतं.

या धंद्यात जनमताची किंमत काय असते हे वाग्नरने तरुण वयातच पाहिलं. व्हिएन्नाच्या कला अकादमीतले त्याचे दोन गुरू, फान डेर न्यूल आणि सिकार्ड्सबुर्ग, यांनी रिंगस्ट्रासेवरचं दरबारी ऑपेरागृह रचलं. ते बांधून होत असतानाच त्यावर इतकी टीका झाली, की १८६८च्या एप्रिलमध्ये फान डेर न्यूलने आत्महत्या केली. दोन महिन्यांनी आजारी सिकार्ड्सबुर्गही गेला. पुढच्या वर्षी पडदा वर गेला तो पाहायला दोघांपैकी कुणीच नव्हतं. असं सांगतात, की त्यानंतर सम्राटाने कुठल्याही नव्या कलाकृतीबद्दल आपलं खरं मत बोलणंच सोडलं. ‘फार छान, आनंद वाटला’ एवढं म्हणून तो मोकळा होई.

वाग्नरने पुढची पंचवीस वर्षं रीतीप्रमाणे काढली. भाड्याच्या इमारती बांधायच्या, त्यांतल्या एखाद्या घरात स्वतः राहायचं, बरा भाव आला की विकायचं आणि पुढची बांधायला घ्यायची. वास्तुविशारद आणि बिल्डर असा हा दुहेरी खेळ. त्यातून पैसा आला, आणि एक समजही आली असं मला वाटतं. भाडेकरूला काय हवं असतं हे नकाशे काढणाऱ्याला कळत नाही, भाडं वसूल करणाऱ्याला बरोबर कळतं.

१८९४ साल त्याला दोन गोष्टी देऊन गेलं. अकादमीत प्राध्यापकाची जागा मिळाली, आणि व्हिएन्नाच्या नव्या शहर-रेल्वेचा, श्टाडबानचा, कला सल्लागार म्हणून नेमणूक झाली. वय ५३. दोनच वर्षांनी त्याचं ‘मोडेर्ने आर्किटेक्टुर’ हे पुस्तक आलं. कलेची रचना आजच्या जगण्यातून, आजच्या सामानातून आणि आजच्या गरजेतून झाली पाहिजे, हा त्याचा गाभा. व्यासपीठावरून असं बोलणारे पुष्कळ असतात. वाग्नरच्या हाती मात्र त्याच वेळी सुमारे ३८ किलोमीटरची रेल्वे होती.

ही रेल्वे कुठे खड्ड्यातून, कुठे कमानींच्या पुलावरून शहरभर धावते. स्थानकं, पूल, कठडे, दिवे, पाट्या, सगळ्यांवर एकाच कार्यालयाची नजर होती. रिंगस्ट्रासेने शहराला एक वर्तुळ दिलं होतं, श्टाडबानने पहिल्यांदाच अख्ख्या शहराला एक हस्ताक्षर दिलं. कार्ल्सप्लाट्झच्या दोन जुळ्या मंडपांत, १८९९ साली, लोखंडी सांगाडा उघडा ठेवून त्याच्या चौकटींत पांढऱ्या संगमरवरी पाट्या बसवल्या आणि त्यांवर सोनेरी सूर्यफुलं काढली. बँकेचे बोल्ट सात वर्षं पुढे होते, पण भिंत म्हणजे सांगाड्यावर चढवलेलं पातळ आवरण, हा विचार इथे आलेला दिसतो.

त्याच रेल्वेवर शोनब्रुन राजवाड्याजवळ, हिट्झिंगला, सम्राटासाठी खास स्थानक बांधलं. घुमट, रेशमी भिंती, आणि भिंतीवर कार्ल मोलने रंगवलेलं, उंच आकाशातून दिसणाऱ्या व्हिएन्नाचं चित्र. फ्रान्झ योझेफने या स्थानकाचा वापर केला दोनदा. जे शहर रोज त्या रेल्वेने कामाला जात होतं, त्याला सम्राटाने घेतलेल्या या दोन फेऱ्यांचं अप्रूप किती वाटलं असेल कोण जाणे.

रेल्वे चालू होत असतानाच वाग्नरने व्हीन नदीच्या काठी, लिंके व्हीनत्साइले रस्त्यावर, भाड्याच्या दोन इमारती उठवल्या. ४० नंबरची ‘मायोलिकाहाउस’. तिचा दर्शनी भाग चकचकीत मातीच्या फरश्यांचा, आणि फरश्यांवर गुलाबी-हिरव्या वेली खालून वर पसरत गेलेल्या. लोकांना ते उधळं वाटलं. वाग्नरचा मुद्दा साधा होता: फरशी पाण्याने धुता येते, काजळीच्या शहरात अजून काय पाहिजे?

याच इमारतींपाशी त्याचा मला सर्वांत आवडणारा मुद्दा येतो, लिफ्टचा. जुन्या व्हिएन्नात जिन्याच्या पायऱ्या माणसांची पत ठरवत. श्रीमंत पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर, गरीब माळ्यावर. म्हणून दर्शनी भागावरही पहिल्या मजल्याच्या खिडक्यांना मुकुट, खांब, बाल्कन्या, आणि वर जाऊ तशी सजावट कमी. लिफ्ट आली आणि हे गणित मोडलं. वरच्या घरालाही तेवढंच भाडं मिळू लागलं. मग एकाच मजल्याला नटवायचं कारण काय? भिंत सपाट झाली, खिडक्या सारख्या झाल्या. आधुनिक इमारतीच्या एकसारख्या खिडक्यांमागे नुसता कलाविचार शोधणाऱ्यांनी हा भाडेपावतीचा धागाही पाहावा.

बँकेच्या आत गेलं की बोल्टांची गंमत फिकी पडते. लहान बचतदारांसाठी १८८३ साली सुरू झालेल्या या संस्थेचं मधलं दालन म्हणजे निव्वळ उजेड. वर काचेचं छत आणि पायाखालीही काचेच्या विटा. छतातून उतरलेला दिवस जमिनीतून पार होऊन तळघरापर्यंत पोचतो. भिंतींलगत ॲल्युमिनियमची उभी नळकांडी आहेत, त्यांतून गरम हवा येते. बँक बांधली त्याच्या पन्नास वर्षं आधी हा धातू सोन्याच्या पंगतीला बसत होता. १८८६ साली तो विजेने काढायची युक्ती सापडली आणि भाव कोसळला. वाग्नरने तो हीटरला, खांबांच्या पायथ्यांना, अगदी छपरावरच्या, शिल्पकार शिमकोव्हिट्झच्या मूर्तींनाही वापरला.

त्याच सुमारास शहराच्या पश्चिमेला श्टाइनहोफच्या टेकडीवर मनोरुग्णांचं मोठं रुग्णालय बांधलं जात होतं. तिथलं संत लिओपोल्डचं चर्च वाग्नरचं. सोनेरी घुमट दूरवरून दिसतो. पण खरी करामत आत आहे. बाकांना टोकदार कोपरे नाहीत, कुणी अंग आपटलं तरी इजा होऊ नये म्हणून. बाक आखूड, म्हणजे परिचारकाला कुणापर्यंतही चटकन पोचता यावं. मागच्यालाही वेदी दिसावी म्हणून फरशीला वेदीकडे उतार. पवित्र पाण्यात सगळ्यांचे हात बुडून रोग पसरू नये म्हणून पाणी वरून ठिबकतं. खालच्या भिंतींना धुता येणाऱ्या फरश्या, डॉक्टरांसाठी खोली. आणि आतला घुमट बाहेरच्या घुमटाच्या बराच खाली टांगलेला आहे, आवाज घुमू नये आणि ऊब टिकावी म्हणून. बाहेरचा घुमट शहरासाठी, आतला रुग्णांसाठी. बँकेच्या बोल्टांसारखंच हेही अर्धं खरं आणि अर्धं नाटक.

याच टेकडीवर पुढे नाझी काळात, ‘आम श्पीगेलग्रुंड’ या विभागात, सुमारे ८०० आजारी आणि अपंग मुलं मारली गेली. बाकांचे कोपरे घासून गोल करणारा काळ आणि तो काळ यांच्यात चाळीस वर्षांचंही अंतर नाही.

चर्चचं उद्घाटन ८ ऑक्टोबर १९०७ रोजी युवराज फ्रान्झ फर्डिनांडने केलं. त्याला ते मुळीच रुचलं नाही. सर्वांत सुंदर शैली सम्राज्ञी मारिया थेरेसाच्या काळातली, असं तो तिथेच बोलला म्हणतात. त्यावर वाग्नरने उत्तर दिलं म्हणे, की त्या काळी तोफांवरसुद्धा नक्षी असे, आता त्या गुळगुळीत असतात. किस्सा रंगवलेला असू शकेल. पण दरबाराच्या बाजूने वाग्नरला पुढे मोठं काम मिळालं नाही, हे खरं. कार्ल्सप्लाट्झवर शहराचं संग्रहालय उभारण्यासाठी तो दहाएक वर्षं झगडला. लोकांची खात्री पटावी म्हणून जागेवर खऱ्या मापाचा नमुनाही उभा केला. प्रकल्प फेटाळला गेला. तिथे संग्रहालय झालं ते १९५९ साली, दुसऱ्याच वास्तुविशारदाचं.

मला विचाराल तर त्याची सर्वांत मोठी इमारत त्याचा अकादमीतला वर्गच. ओल्ब्रिख आणि होफमान हे वास्तुविशारद त्याच्या कार्यालयात घडले. प्लेचनिकने त्याच्याकडे शिकून पुढे ल्युब्लियाना शहराचं रूप पालटलं, कोटेराने प्रागमध्ये नवी वास्तुकला नेली, शिंडलर कॅलिफोर्नियात गेला. कार्ल एनने कामगारांसाठी कार्ल मार्क्स होफ बांधला, तो १९३०चा. साम्राज्याचे तुकडे झाले, पण त्याच्या तुकड्यातुकड्यांत वाग्नरचा एकेक विद्यार्थी होता. वाग्नर स्वतः ११ एप्रिल १९१८ रोजी वारला. त्याच वर्षी क्लिम्ट, कोलोमान मोझर आणि एगोन शीले हे चित्रकार गेले, आणि नोव्हेंबरमध्ये सम्राटाच्या हाब्सबुर्ग घराण्याचं राज्यही.

व्हिएन्नाला जाणार असाल तर राजवाडे बघाच, पण एक सकाळ राखून ठेवा. त्याची बरीचशी रेल्वे आज यू-४ आणि यू-६ या मेट्रो मार्गांच्या रूपाने धावते. यू-४ने केटेनब्रुकनगासेला उतरा, वेलींची इमारत तिथून पायी मिनिटभराच्या अंतरावर आहे. कार्ल्सप्लाट्झचे मंडप मेट्रोच्या कामात पाडायला निघाले होते, लोकांनी विरोध केल्यामुळे सत्तरच्या दशकात ते सोडवून पुन्हा उभारले गेले. पोस्टाची बँक त्या इमारतीतून केव्हाच गेली, पण दालन जागेवर आहे. तिथे गेलात तर आधी खाली, पायांकडे बघा.