पहिल्या शब्दाच्या आधी

मूल दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही म्हटलं, की घरातून ठरलेलं उत्तर येतं: बोलेल, त्याचे बाबाही उशिराच बोलले. या धीरामागे एक समज आहे. भाषा पहिल्या शब्दापासून सुरू होते आणि तोवर वाट पाहणं एवढंच आपल्या हाती असतं. प्रत्यक्षात पहिला शब्द उमटेपर्यंत बाळाने बरंच काम उरकलेलं असतं. 1984 साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'ट' आणि 'त' ऐकवले. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्यांना यांतला फरक सहसा कळत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो कळला, दहा-बारा महिन्यांच्या फार थोड्यांना. म्हणजे वर्षाच्या आतच कान घरच्या भाषेला सरावतात.

म्हणून स्पीच थेरपिस्ट आधी जिभेचा नव्हे, कानांचा विचार करतो. 'जीभ चिकटली असेल' हा संशय घरोघरी असतो. जिभेखालचा पडदा आखूड असला तर दूध ओढायला किंवा एखाद्या उच्चाराला अडचण येऊ शकते, पण शब्द शिकायचे त्यामुळे राहत नाहीत. ऐकू न येणारं बाळही सुरुवातीला हुंकारतं, हसतं, त्यामुळे घरच्यांना शंकाच येत नाही. 'बाबाबा', 'दादादा' ही बडबड मात्र त्याच्याकडे उशिरा येते. थाळी वाजवून घेतलेली परीक्षाही फसवी असते. बाळ हादऱ्याने किंवा हालचाल दिसल्यानेही वळतं, आणि मोठा आवाज ऐकणाऱ्या कानांतूनही बोलण्यातले बारीक ध्वनी निसटू शकतात. पहिल्या महिन्यात प्राथमिक श्रवणचाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार, असा क्रम तज्ज्ञांनी आखला तो यासाठीच.

उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे आपोआप बरोबरीला येतात, मग आईवडिलांना घाबरवायचं कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण आपलं मूल त्यांतलंच आहे का, हे नुसत्या वयावरून कळत नाही. हवी ती वस्तू ते बोटाने दाखवतं का, गंमत दिसली की आईकडे वळून पाहतं का, खूण न करता सांगितलेलं 'चेंडू आण' त्याला समजतं का, यावरून अंदाज बांधता येतो. हे पाहून घेण्यात मुलाचं काहीच बिघडत नाही. ऐकण्यात दोष असेल तर वाट पाहण्यात गेलेले महिने मात्र महाग पडतात. घरात मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोला, हा सल्ला तर सरळ नाकारावा. दोन भाषांमुळे भाषेचा विकार होत नाही. अशा मुलाचे शब्द मोजताना दोन्ही भाषांतले धरावे लागतात. एकाच भाषेतले मोजले तर साठा उगाच तोकडा दिसतो. शिवाय इंग्रजीत अडखळणारी आजी मराठीतही गप्प झाली, तर मुलाशी दिवसभर बोलणारं एक माणूस कमी होतं.