जुन्या घड्याळाची पारख

हल्लीं इंटरनेटवरून मागविलेलें जुनें मनगटी घड्याळ घरबसल्या हातीं येतें, आणि तें अस्सल कीं बनावट, हा प्रश्न घरांतील वडीलधाऱ्यांपुढें उभा राहतो. न्यायशास्त्रांत ज्ञानाचीं जीं साधनें सांगितलीं आहेत, त्यांतील शब्द, प्रत्यक्ष व अनुमान हीं तीन येथें फार उपयोगीं पडतात.

प्रथम शब्द. नैयायिक आप्ताचेंच वचन प्रमाण मानतात. अनोळखी विक्रेता आप्त नव्हे. तेव्हां केवळ त्याच्या वर्णनावर विसंबूं नये. तबकडी नव्यानें रंगवून विकलेलीं सीको व एच. एम. टी. घड्याळें परदेशच्या संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ या नांवानें ओळखलीं जातात. त्यांतील यंत्र पुष्कळदां खरें असतें, तबकडी मात्र कारखान्यांतील नसते. विक्रेत्यानें हें आधींच सांगून किंमत कमी लावली असेल, तर ती फसवणूक नव्हे. लपविलें असेल, तर आहे.

दुसरें प्रत्यक्ष. भिंगाखालीं अक्षरें पाहावीं. कारखान्याची छपाई रेखीव असते. मागाहून रंगविलेल्या तबकडीवर अक्षरांच्या कडा पसरलेल्या आणि मिनिटांच्या रेघा वांकड्या दिसतात. घर झिजलेलें व तबकडी कोरी करकरीत, हीहि शंकेची जागा होय.

तिसरें अनुमान. सीकोच्या पाठीवर दोन क्रमांक असतात. एकांतील पहिलीं चार अक्षरें यंत्राचा प्रकार सांगतात. दुसऱ्यांतील पहिला अंक हा सालाचा शेवटला अंक, व त्यापुढील चिन्ह महिन्याचें. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर यांस ओ, एन्, डी. दशक यंत्राच्या प्रकारावरून ताडावें. ‘७एस२६’ हें यंत्र १९९६ सालीं निघालें. तो क्रमांक असलेलें घड्याळ १९७५ चें म्हणून विकत असतील, तर वर्णन खोटें किंवा पाठ दुसऱ्या घड्याळाची! परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीं घड्याळजीकडून पाठ उघडवून यंत्रावरील क्रमांक ताडून पाहावा.

यांतून आणखी एक बोध घ्यावा. घरांत आजोबांचें घड्याळ असेल, तर शोभेसाठीं त्याची तबकडी रंगवूं नये. यंत्र साफ करवावें, पट्टा बदलावा. परंतु फिकी पडलेली मूळ तबकडी हाच त्याच्या अस्सलपणाचा साक्षीदार आहे, आणि एकदां पुसलेली साक्ष पुन्हां मिळत नाहीं.