एक प्रेमकथा, दोन चित्रपट

एकच कथा दोनदा पडद्यावर येणे ही गोष्ट पुणेकरांना नवी नाही. १९३९ साली येथील प्रभात फिल्म कंपनीत व्ही. शांताराम यांनी एकाच कथेवरून मराठीत 'माणूस' आणि हिंदीत 'आदमी' हे चित्रपट काढले. शाहू मोडक व शांता हुबळीकर हीच जोडी दोन्हींत होती. मराठीतील गणपत आणि मैना हिंदीत मोती आणि केसर झाले. परंतु पोलीस शिपाई व वेश्या यांच्या प्रेमाआड समाज कसा येतो, हा कथेचा कणा दोन्हींत तोच राहिला. यावरून आपल्या हाती एक कसोटी लागते. कथा दुसऱ्या भाषेत नेताना नावे, गावे, पोशाख, बोली बदलणारच. पाहावयाचे ते इतकेच की, ज्या कारणामुळे ती कथा घडते, ते कारण सोबत गेले की मागे राहिले?

ही कसोटी आपल्या काळातील एका जोडीला लावून पाहू. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ च्या एप्रिलमध्ये प्रदर्शित झाला. शशांक खेतान यांनी त्यावरून केलेला हिंदी 'धडक' २०१८ च्या जुलैमध्ये आला. दोहोंना संगीत अजय-अतुल यांचे. श्रीमंत घरची मुलगी आणि साध्या घरचा मुलगा प्रेमात पडतात, पळून परमुलखात जातात, तेथे संसार मांडतात, आणि सारे सुरळीत झाले असे वाटत असतानाच मुलीचे माहेर त्यांना गाठते. सांगाडा हा असा एकच आहे.

'सैराट' करमाळ्याच्या परिसरात घडतो. आर्ची ही राजकारणात वजन असलेल्या पाटलाची मुलगी; परशा हा मासेमारी करून पोट भरणाऱ्या, खालच्या लेखलेल्या जातीतील घरचा मुलगा. जात येथे भाषणांतून सांगितलेली नाही. ती वागण्यातून दिसते. आर्चीचा भाऊ भर वर्गात शिक्षकाच्या थोबाडीत मारतो. ते शिक्षक त्या वेळी दलित साहित्याविषयी शिकवीत असतात. जे घर शिक्षकाला असे वागवू शकते, ते परशाला कसे वागवील, हे प्रेक्षकाला तेव्हाच उमगते. आर्ची ट्रॅक्टर चालविते, बुलेट हाकते, ऐटीत बोलते. हा तिचा स्वभाव आहे, तसेच तिच्या घराण्याच्या सत्तेचेही ते बळ आहे. म्हणून हैदराबादच्या झोपडपट्टीत तीच मुलगी घाबरून बसते तेव्हा तिने काय गमावले आहे, हे आपल्याला कळते.

'धडक' उदयपूरला जातो. तेथे सुंदर तलाव आहेत, हवेल्या आहेत. नायकाच्या वडिलांचे उपाहारगृह आहे, नायिकेचे वडील निवडणूक लढवीत आहेत. जातीचा उल्लेख ओझरता होतो आणि विरून जातो. उरतो तो श्रीमंत-गरीब असा भेद, किंवा एका करड्या बापाचा अहंकार. पण गरिबी ओसरते, बापाचा राग निवळतो. जात तशी निवळत नाही. ती जन्माने चिकटते, हेच तर मूळ कथेतील भयाचे कारण होय.

शेवट पाहिला म्हणजे फरक अधिक स्पष्ट होतो. 'सैराट'मध्ये भेटवस्तू घेऊन आलेले नातलग दोघांनाही मारतात, आणि त्यांचे तान्हे मूल रक्ताळलेली पावले उमटवीत बाहेर येते. 'धडक'मध्ये पती आणि मूल यांना इमारतीवरून खाली फेकले जाते. पार्थवी जिवंत राहते. स्त्रीला जिवंत ठेवणे हीच तिला शिक्षा, ही कल्पना भेदक आहे यात शंका नाही. परंतु मूल उरते तेव्हा प्रश्न पुढच्या पिढीचा होतो: याला कोण वाढविणार, आणि कोणत्या जातीचे म्हणून? तो प्रश्न 'धडक'च्या शेवटात उरत नाही.

हा केवळ कलेचा वाद नव्हे. २०१३ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील सोनई येथे आंतरजातीय प्रेमप्रकरणावरून तीन तरुणांचे खून झाले. दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहात जातपंचायतीने ढवळाढवळ करणे बेकायदेशीर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २७ मार्च २०१८ रोजी बजावून सांगावे लागले. त्यानंतर चारच महिन्यांच्या आत 'धडक' प्रदर्शित झाला.

लोकांना आवडावे म्हणून चित्रपट सजविण्यात वावगे काही नाही. 'सैराट'ही गाण्यांनी आणि हास्यविनोदाने भरलेला आहे, आणि महाराष्ट्राने तो डोक्यावर घेतला. जातीचे नाव घेतल्याने प्रेक्षक दुरावतो, ही समजूत त्यानेच खोटी पाडली. म्हणून नवी आवृत्ती पाहताना आपण एवढेच विचारावे: येथे हे दोघे का मारले गेले? ज्या चित्रपटाला याचे उत्तर देता येते, त्याने मूळ कथा खऱ्या अर्थाने आपल्या भाषेत आणली असे म्हणावे.