शिंद्यांचे नाव आणि वालचंदांची जहाजे

आमच्या ग्वाल्हेरपासून समुद्र शेकडो मैल दूर. पण हिंदी नौकानयनाच्या इतिहासात ज्या कंपनीचे नाव अग्रभागी येते तिला नाव मिळाले ते आमच्या शिंद्यांचे. 'सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन' ही माधवराव महाराजांचीच कंपनी, असे लष्करातल्या जुन्या मंडळींच्या तोंडून मी पुष्कळदा ऐकले आहे. समज गोड आहे, पण खरा नाही. जहाज महाराजांचे होते. कंपनी काढली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंद दोशी यांनी, नरोत्तम मोरारजी व किलाचंद देवचंद या मुंबईच्या शेटजींना बरोबर घेऊन.

जहाजांची हौस महाराजांना नवी नव्हती. १९०० साली चीनच्या मोहिमेसाठी त्यांनी स्वखर्चाने रुग्णनौका सजवून दिली होती. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा, १९१४ च्या अखेरीस, कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हे जवळजवळ सहा हजार टनांचे जहाज विकत घेऊन त्यांनी जखमी हिंदी शिपायांसाठी दिले. नाव ठेवले 'लॉयल्टी', म्हणजे राजनिष्ठा!

युद्ध संपल्यावर हेच राजनिष्ठ जहाज वालचंदांनी घेतले, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी हिंदी मालकीचे म्हणून ते मुंबईहून लंडनला निघाले. नियतीची ही थट्टा मला मोठी मौजेची वाटते. जहाज मात्र म्हातारे होते. १८९० साली पाण्यात उतरलेले ते धूड १९२३ साली मुंबईतच मोडीत निघाले.

वालचंदांची खरी लढाई तर पुढेच होती. हा माणूस दर्यावर्दी घराण्यातला नव्हे. लक्ष्मणराव फाटक या पूर्वीच्या रेल्वे कारकुनाशी भागी करून रेल्वेची कंत्राटे घेण्यापासून त्यांनी सुरुवात केलेली. आता गाठ पडली लॉर्ड इंचकेप यांच्या बलाढ्य ब्रिटिश कंपनीशी. तिने भाडी पाडली. सिंदियाचा माल अडावा हाच हेतू. अखेर १९२३ साली दहा वर्षांचा करार करावा लागला: किनाऱ्यावरची मालवाहतूक तेवढी करावी, टनभाराची मर्यादा ओलांडू नये. आपल्याच किनाऱ्यावर ही अट! किनाऱ्याचा व्यापार हिंदी जहाजांसाठी राखावा म्हणून साराभाई हाजी यांनी १९२८ साली मध्यवर्ती कायदेमंडळात बिल आणले, तेही तडीस गेले नाही. वालचंद निवडणुकीच्या राजकारणातले नव्हते. पण जहाज चालवायचे तर सरकारशी झुंजावे लागते, हे त्यांनी तेव्हाच ओळखले असावे.

१९२९ साली नरोत्तम मोरारजी गेले आणि अध्यक्षपद वालचंदांकडे आले. परक्यांची जहाजे विकत घेऊन किती दिवस चालणार? जहाजे इथेच बांधली पाहिजेत, हा त्यांचा ध्यास. कलकत्त्यास मनाजोगी जागा मिळेना, तेव्हा विशाखापट्टणम निवडले. २१ जून १९४१ रोजी बाबू राजेंद्रप्रसादांच्या हस्ते कारखान्याची कोनशिला बसली. वर्षही झाले नव्हते, तोच एप्रिल १९४२ मध्ये जपान्यांनी त्या शहरावर बाँब टाकले. काम रखडले, सोडले मात्र नाही. १४ मार्च १९४८ रोजी आठ हजार टनांची 'जलउषा' पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. स्वतंत्र हिंदुस्थानात तयार झालेले हे पहिले मोठे आगबोटीचे धूड!

यातला गौरव कोणाचा? नावाचा मान आमचा, तो कोणी हिरावून घेणार नाही. पण आगबोट विकत देणे निराळे आणि तीस वर्षे तोट्याला, दरयुद्धाला व परक्या सरकारला तोंड देऊन जहाजाचा कारखाना उभा करणे निराळे. ग्वाल्हेरकरांनी वालचंदांचे नाव अधिक जवळचे मानायला हवे होते, असे मला वाटते.

१९५२ साली तो कारखाना सरकारी भांडवलाच्या 'हिंदुस्थान शिपयार्ड'कडे गेला. ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंद वारले. 'लॉयल्टी' निघाली तो ५ एप्रिल हा दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. सिंदियाची जहाजे आता समुद्रावर दिसत नाहीत; विशाखापट्टणमचा कारखाना मात्र चालू आहे.